झाडणार कोण?

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींनी मला बाहेरच्या खोलीत झाडताना पाहिलं. त्या दारातच थांबल्या. माझ्या हातातल्या झाडूकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, पर्समधून आमच्या घराची किल्ली काढून चपलांच्या कपाटावर ठेवली आणि म्हणाल्या, "दादा, सरळ सांगायचं होतं." मग आल्या पावली निघून गेल्या.

घटना एवढीच. मी एका दैनिकात सत्तावीस वर्षं बातम्या तपासतो आहे. काय घडलं ते पहिल्या परिच्छेदात आणि का घडलं ते जागा उरली तर, अशी आम्हाला सवय. या प्रकरणात मात्र काय घडलं ते सोपं होतं. का घडलं, ते कळायला मला दुपारचे चार वाजले.

मावशी माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहेत. तरी त्या मावशी आणि मी दादा, हे चौदा वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी ठरलं आणि त्यात कुणालाच वावगं वाटलं नाही. त्या सकाळी केर-फरशी करतात. दुपारी दोनला आणि संध्याकाळी सहाला पुन्हा येतात, त्या माझ्या वडिलांसाठी. वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं: सहा आठवडे, दिवसातून तीन वेळा थेंब, एकही वेळ चुकवायची नाही. वाकायचं नाही. धुळीत जायचं नाही.

हे थेंब वडील फक्त मावशींच्या हातून घालून घेतात. "तिचा हात हलका आहे," असं त्यांचं म्हणणं. माझ्या हाताबद्दलचं त्यांचं मत मी आठवीत असताना माझं अक्षर बघून बनलं, ते अजून बदललेलं नाही.

तेव्हा मावशी किल्ली ठेवून गेल्या, याचा अर्थ केर साचणार असा नव्हता. आठ वाजता थेंब कोण घालणार, असा होता.

"काय म्हणालात तुम्ही त्यांना?" बायको स्वयंपाकघरातून बाहेर येत म्हणाली.

"काहीच नाही. मी फक्त झाडत होतो."

"तेच विचारतेय मी. का झाडत होतात?"

या प्रश्नाचं उत्तर बारा दिवस मागे जाऊन द्यावं लागतं.

आमच्याकडे बाजारातला झाडू पाच आठवड्यांवर टिकत नाही. आधी मूठ निसटते, मग काड्या गळतात, शेवटी झाडू जितका केर काढतो त्याहून जास्त करतो. गेल्या महिन्यात तिसरा झाडू असा गेला, तेव्हा बायको म्हणाली, "या वेळी तुम्हीच आणा. चांगला आणा. तुम्ही एवढ्या लोकांच्या चुका काढता, एक झाडू पारखता येईल." ती शाळेत रसायनशास्त्र शिकवते. तिच्या बोलण्यात मोजून घातलेलं आम्ल असतं.

गुरुवारी माझी साप्ताहिक सुट्टी. बसथांब्यामागच्या गल्लीत, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून एक पत्र्याची शेड आहे. तिथे सत्तरीचे एक काका हाताने गवताचे झाडू बांधतात, असं मला समोरच्या वहिनींनी सांगितलं होतं. गेलो. काका चष्म्याला दोरी लावून बसलेले, भोवती गवताच्या तुऱ्यांचे भारे, जमिनीवर घोटाभर भुसा. बाकावर दोन बायका थांबलेल्या.

"एक झाडू द्या," मी म्हणालो.

"तयार पाहिजे तर बाजारात जा," काका म्हणाले. "झाडणार कोण?"

"म्हणजे?"

"घरात झाडणार कोण? उंची किती, हात कुठला, ते बघून बांधतो मी. झाडू काय टोपी आहे का, कुणीही घालायला?"

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. तीनच दिवसांपूर्वी मी आमच्या पुरवणीतल्या एका लेखाला मथळा दिला होता: 'घरकामात पुरुष आहेत कुठे?' मथळा मला आवडला होता. आता बाकावरच्या दोन्ही बायका मान वळवून माझ्याकडे पाहत होत्या.

"मीच," मी म्हणालो.

त्यातली एक दुसरीला म्हणाली, "बघ."

त्या एका शब्दाने पुढचं सगळं नुकसान झालं. त्यानंतर माघार घेणं मला शक्य नव्हतं.

काकांनी सुतळीने माझ्या खांद्यापासून जमिनीपर्यंत माप घेतलं. मी उंच आहे. घराण्यातच उंची आहे. मग एक नुसता दांडा हातात दिला. "झाडून दाखवा." माझ्या उजव्या हातात बॅग होती. ती खाली ठेवावी, तर खाली भुसा. आणि झाडू बांधणाऱ्याच्या दुकानात जमीन घाण आहे म्हणून बॅग ठेवायला कचरणं, हे मला बरं दिसेना. मी दांडा डाव्या हातात घेतला आणि हवेत तीन वेळा फिरवला.

"डावखुरे!" काकांचा चेहरा उजळला. "वर्षाकाठी दोनच येतात असे. डावखुऱ्याचा उतार उलटा बांधावा लागतो साहेब. बाजारातल्या झाडूने तुम्हाला सारखा केर पायावर येत असेल, नाही?"

"येतो," मी म्हणालो. आयुष्यात मी कधी झाडलेलं नव्हतं, पण केर कुठे गेला असता याची कल्पना करता येते.

चाळीस मिनिटं ते बांधत होते. सुतळीचं एक टोक पायाच्या अंगठ्यात, दुसरं दातात. मधूनच झाडू दिव्यासमोर धरून एखादी काडी उपटून टाकायचे. इतकं मन लावून कुणी माझ्यासाठी काही बनवलेलं मला आठवत नाही, आणि ते दुसऱ्याच माणसासाठी होतं. जाताना त्यांनी झाडू कसा सांभाळायचा ते सांगितलं आणि मी ते वहीत उतरवून घेतलं. आधी उघड्यावर नेऊन कठड्यावर चाळीस वेळा आपटायचा, म्हणजे भुसा निघून जातो. मग तुरे एक रात्र मिठाच्या पाण्यात. मग दोन दिवस सावलीत वाळवायचा. मग खिळ्याला टांगायचा, काड्यांवर उभा कधीच करायचा नाही. "आणि पहिला महिना एकच हात. झाडू हाताचं वळण घेतो. पंधरा दिवसांच्या आत एकदा घेऊन या, गाठी आवळून देतो."

"दुसऱ्या कुणी वापरला तर?"

"कळतं मला," काका म्हणाले.

उघड्यावर म्हणजे आमच्या इमारतीत गच्ची. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे. ते पहिल्या मजल्यावर राहतात आणि निवृत्तीनंतर त्यांच्याकडे असलेला हा एकमेव अधिकार आहे. शुक्रवारी मी गेलो तर ते म्हणाले, "लेखी द्या."

"एक झाडू आपटायचाय फक्त."

"तेच लिहा."

मी लिहिलं. त्यांनी वाचलं आणि परत केलं. "प्रयोजन लिहिलंत, कालावधी कुठाय? आणि 'आपटणे' हा शब्द कमिटीला चालणार नाही. इमारतीला हादरा बसेल असं वाटतं."

"मग काय लिहू?"

"'झटकणे'."

सत्तावीस वर्षं मी लोकांचे शब्द बदलतो आहे. माझा बदलला गेला तेव्हा कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. 'झटकणे, वीस मिनिटे' अशा मंजुरीवर शनिवारी सकाळी किल्ली मिळाली. झटकून काही होईना, तेव्हा मी आपटला. चाळीस वेळा, मोजून. भुसा खरोखरच निघाला. तो वाऱ्याबरोबर कठड्यापलीकडे गेला आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीत वाळत घातलेल्या चार ओल्या चादरींवर बसला. चादरी सेक्रेटरींच्या होत्या. दुपारी सूचनाफलकावर कागद लागला: 'गच्चीवर मंजुरीबाहेरील कृती केल्यास किल्ली मिळणार नाही.' नाव नव्हतं. पण रखवालदाराने मला पाहून सलाम करायच्या आधी तो कागद पाहिला.

रविवारी रात्री झाडू मिठाच्या पाण्यात ठेवला. सोमवारी पहाटे काढून गॅलरीच्या सावलीत टांगला. बादली मात्र मोरीत तशीच राहिली. मावशींना वाटलं, फरशीचं पाणी भरून ठेवलंय. त्यांनी त्याच पाण्याने चारही खोल्या पुसल्या. आठच्या सुमारास फरशी वाळली आणि घरभर पांढरे नकाशे उमटले.

"बादलीत मीठ कोण घालतं दादा?" मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या.

"झाडूसाठी होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे पाहिलं. वडील काळ्या चष्म्याआड शांत होते. "आजोबा, तुम्ही बघताय ना?"

"डॉक्टरांनी फार बघू नको म्हणून सांगितलंय," वडील म्हणाले.

पुन्हा चारही खोल्या पुसाव्या लागल्या. मी मदत करतो म्हणालो. "नको," मावशी आणि बायको एकदम म्हणाल्या.

बुधवारी सकाळी झाडू स्वयंपाकघराच्या बोळात खिळ्याला टांगला. सोनेरी, भरदार, मानेला सुतळीचे सात वेढे. मी दोनदा पाणी प्यायला उठलो, ते केवळ तिकडून जावं म्हणून. गुरुवारी सकाळी मावशींनी तो पहिल्यांदा हातात घेतला. त्या उंचीने माझ्या खांद्यापर्यंत. दांड्याचं टोक भिंतीवरच्या दिव्याला लागलं. उतार उलटा असल्याने केर पुढे जायच्या ऐवजी त्यांच्या पायावर यायला लागला. पाच मिनिटांत त्या घामाघूम झाल्या.

"हा झाडू माझ्याशी भांडतो," त्या म्हणाल्या.

मला त्यांची काळजी वाटली. काकांचीही आठवण झाली. दोन्ही मिळून मी जे बोललो ते शब्दशः असं: "मावशी, महिनाभर तुम्ही याला हात लावू नका. याला एकाच माणसाने वापरायचं असतं. दुसऱ्या कुणाचा हात लागला की लगेच कळतं."

मावशींचा चेहरा उतरला. मला वाटलं, दमल्या असतील. "बरं दादा," एवढंच म्हणाल्या आणि जुना, अर्धा गळलेला झाडू काढला.

आता एकच हात म्हणजे माझा. पंधरा दिवसांच्या आत काकांकडे जायचं होतं आणि झाडूवर माझ्या झाडण्याचं वळण दिसायला हवं होतं. म्हणून शुक्रवारपासून मी सहाला उठून, कुणी उठायच्या आत, डाव्या हाताने झाडायला लागलो. मी उजवा आहे. उजव्या माणसाने डाव्या हाताने झाडणं म्हणजे काय, ते सांगण्यापेक्षा करून पाहावं. एक खोली व्हायला पाऊण तास लागायचा. मावशी येत तेव्हा मी पेपर वाचत बसलेला असे आणि खोली झाडलेली असे. त्या झाडलेली खोली बघायच्या, काही न बोलता पुन्हा झाडायच्या. चार दिवस असं चाललं. मला वाटलं, त्यांना बरं वाटत असेल. मंगळवारी मला जाग उशिरा आली.

हे सगळं मी बायकोला सांगितलं.

"म्हणजे," ती म्हणाली, "तुम्ही कुणा अनोळखी बाईसमोर शेखी मिरवली, म्हणून बाबांच्या डोळ्यात थेंब नाहीत."

संपादन म्हणून हे वाक्य निर्दोष होतं. एक शब्द काढता आला नसता.

आठ वाजता आम्ही प्रयत्न केला. आधी मी. वडिलांनी माझा हात येताना पाहिला आणि डोळा गच्च मिटला. थेंब मिशीत गेला. मग बायको पुढे झाली. ती रोज प्रयोगशाळेत थेंबाथेंबाने द्रावणं मोजते.

"बाबा, वर बघा. हलू नका. एकच थेंब."

"मी परीक्षानळी नाही," वडील म्हणाले आणि उठून आपल्या खोलीत गेले. आतून आवाज आला, "ती आली की सांगा."

मावशींना फोन केला. सुनेने उचलला. "आई झोपल्यात," ती म्हणाली. सकाळचे सव्वाआठ वाजले होते आणि मागून मावशींचाच आवाज येत होता, "सांग झोपल्यात म्हणून." घरी जावं, तर पत्ता विचारावा लागला असता. चौदा वर्षांत आम्हाला त्यांचं घर माहीत नव्हतं. गल्लीसुद्धा नाही. बायको शाळेत गेली. जाताना म्हणाली, "दोनच्या आत काहीतरी करा."

ऑफिसात फोन करून रजा मागितली. "काय झालं?" मुख्य उपसंपादकांनी विचारलं.

"घरगुती कारण आहे. झाडू."

"घ्या रजा," ते हळुवारपणे म्हणाले. "हवी तेवढी घ्या."

साडेनऊला समोरच्या वहिनी आल्या. "भावजी, राहवलं नाही म्हणून आले. सकाळी दार उघडं होतं, तुम्ही झाडताना दिसलात. मी आमच्या ह्यांना म्हटलं, नोकरी गेली वाटतं भावजींची. हल्ली पेपरवाल्यांचं काही खरं नाही."

"नोकरी आहे वहिनी."

"असू दे, असू दे, लपवायचं काय त्यात." त्यांनी आवाज खाली आणला. "मग आता मावशींची सकाळची वेळ मोकळी झाली असेल ना? आमच्याकडची बाई गावी गेलीय. तुम्ही सोडलंच आहे, तर मी विचारते त्यांना."

"आम्ही सोडलेलं नाही."

"मग त्यांनी सोडलं? अगंबाई." आणि ही अधिक चांगली माहिती घेऊन त्या लगबगीने गेल्या. अकराला सेक्रेटरी भेटले आणि जिन्यात माझा हात हातात घेऊन म्हणाले, "अडचणीच्या काळात गच्चीची किल्ली हवी असेल, तर लेखी नाही दिलंत तरी चालेल."

दोन वाजले. मावशी आल्या नाहीत. वडिलांनी थेंब घालून घेतले नाहीत. दोन वेळा चुकल्या होत्या.

मी ठरवलं, की झाडू मोडावा, मावशींच्या मापाने नव्याने बांधून घ्यावा आणि तो घेऊन त्यांच्यासमोर उभं राहावं. तीनच्या सुमारास काकांकडे पोचलो. बाकावर त्या दिवशीच्या दोघींपैकी एक, 'बघ' म्हणणारी, बसलेली होती. काकांनी झाडू मांडीवर आडवा घेतला, तुरे पसरले, चष्मा पुसला आणि डॉक्टर छातीचा फोटो बघतात तसं पाहायला लागले.

"बारा दिवस झाले?"

"बारा."

"एकदा उजव्या हाताने मारलाय. ठेंगण्या माणसाने. इथे काड्या दुमडल्यात बघा."

"आमच्या मावशी," मी म्हणालो.

"हं. आणि इथे कुणीतरी ओढलाय. झाडलेलं नाही, नुसता ओढलाय. डाव्या हाताने, पण हात डावा नाही. शिकाऊ आहे. मूल आहे का घरात?"

"नाही."

"असो. आणि हा," त्यांनी झाडूची एक कड बोटाने हळूच फिरवली. "हा खरा हात. उंच माणूस, अस्सल डावखुरा. सावकाश झाडतो. पाच-सहा दिवस रोज. हे तुमचं. किती सुरेख वळण दिलंत साहेब."

हो म्हणायला काहीच हरकत नव्हती. बाकावरची बाईसुद्धा हो ऐकायला तयार होती. पण दोन वेळा चुकल्या होत्या आणि सहा वाजायला तीनच तास होते.

"काका, तो शिकाऊ म्हणजे मी," मी म्हणालो. "मी डावखुरा नाही. मी घरात झाडतही नाही. त्या दिवशी उजव्या हातात बॅग होती."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बाकावरच्या बाईने या वेळी काही म्हटलं नाही. ते जास्त लागलं.

"मग हा हात कुणाचा?"

"आमच्या घरात डावखुरं कुणीच नाही."

"आहे," काका म्हणाले. झाडू मोडायला त्यांनी साफ नकार दिला. "बसलेला हात मी सोडत नाही. मावशींसाठी दुसरा बांधतो. त्यांना घेऊन या."

"मी त्यांची उंची सांगतो ना."

"उंची सांगून झाडू बांधता आला असता, तर तुमचा चुकला नसता."

चार वाजता झाडू घेऊन घरी आलो. वडील काळा चष्मा लावून खुर्चीत बसले होते. मी झाडू त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो घ्यायला हात पुढे केला. डावा.

बराच वेळ आम्ही दोघांनी त्या हाताकडे पाहिलं.

"शाळेत मास्तर माझा डावा हात पट्ट्याने बाकाला बांधायचे," वडील म्हणाले. "तेव्हापासून उजव्याने लिहितो, जेवतो. अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली. गेल्या बुधवारी दुपारी म्हटलं, बघू तरी तू काय आणलंयस. हातात घेतला, तर हात आपोआप डावा गेला. वाकावंही लागत नाही, दांडा माझ्याच उंचीचा आहे. रोज दुपारी थेंब घालून, डोळा मिटून बसून झालं की माझ्या खोलीत दहा मिनिटं झाडायचो."

"डॉक्टरांनी धूळ—"

"चष्मा लावून झाडतो."

"आणि मावशींना माहीत होतं?"

"तिच्यासमोरच झाडायचो. ती रोज म्हणायची, आजोबा, दादांना कळलं तर मला काढून टाकतील, पेशंटला झाडायला लावते म्हणून. मी म्हणायचो, त्याला काही कळत नाही." त्यांनी झाडू मांडीवर घेतला. "मग गुरुवारी तू तिला म्हणालास, दुसऱ्याचा हात लागला की लगेच कळतं."

मी खाली बसलो.

"त्या दिवशी दुपारी तू झोपला होतास, तेव्हा रडली ती. नको म्हणाली. मीच ऐकलं नाही. मग तू सकाळी उठून तिच्या आधी झाडायला लागलास. तिला वाटलं, बोलायचं टाळून तू तिला जायला लावतोयस. चार दिवस रोज मला विचारत होती, दादा काही म्हणाले का? मी कसं सांगू, की तू काय करतोयस ते मलाही कळत नाहीये?"

"मला सांगायचंत ना बाबा."

"तू झाडू काढून घेतला असतास," वडील म्हणाले.

मी काढून घेतला असता. डॉक्टरांचा कागद दाखवून, कलमवार.

तेवढ्यात बायको शाळेतून आली. तिने दोन मिनिटांत सगळं ऐकून घेतलं, पर्स खांद्यावरच ठेवली आणि विचारलं, "बाबा, मावशींचं घर माहितीय?"

"पाण्याच्या टाकीमागे, तिसरी गल्ली, निळं दार. नातू दुसरीत आहे. पायरी मोडकी आहे, जपून चढावं लागतं." रोज दुपारी थेंब घातल्यावर दहा मिनिटं डोळा मिटून बसावं लागतं. त्या दहा मिनिटांत वडिलांना ते सगळं कळलं होतं जे आम्ही चौदा वर्षांत विचारलं नव्हतं.

"चला मग," बायको म्हणाली.

मी चपला घालायला उठलो. "तू नको," वडील म्हणाले. "तुला बघून ती पुन्हा झोपेल."

चार वाजून चाळीस मिनिटांनी ते दोघे रिक्षातून गेले. वडिलांनी झाडू बरोबर नेला, काड्या वर धरून.

त्यानंतरची माहिती तुटक आहे आणि तिला पूर्ण दुजोरा मिळालेला नाही. सव्वापाचला बायकोला फोन केला, तिने कट केला. पाच वाजून वीस मिनिटांनी तिचा मेसेज आला: 'थांबा.' पावणेसहाला समोरच्या वहिनी वर येताना म्हणाल्या, की त्यांनीही मावशींना फोन केला होता आणि मावशी म्हणाल्या, उद्या सांगते. काय सांगणार, ते त्यांना माहीत नाही. पाच वाजून पंचावन्न मिनिटांनी रखवालदार बिडी आणायला बसथांब्यापर्यंत जाऊन आला. त्याच्या म्हणण्यानुसार झाडूवाल्या काकांच्या शेडसमोर आमची रिक्षा उभी होती. आत आजोबा बाकावर बसले होते, ताई उभ्या होत्या आणि मावशी नुसता दांडा हातात घेऊन जमीन झाडून दाखवत होत्या. हसत होत्या की भांडत होत्या, ते त्याला सांगता येईना. "तोंडात पदर होता साहेब," तो म्हणाला.

घरात आज सकाळचा केर दाराजवळ गोळा केलेला तसाच आहे, आणि तो भरायला घरात धड झाडू नाही. आता सहा वाजून पाच मिनिटं झाली आहेत. मावशींनी ठेवलेली किल्ली अजून चपलांच्या कपाटावर आहे. फ्रीजच्या दारातली थेंबांची बाटली मात्र जागेवर नाही.